बिनमुहूर्ताचं लग्न आणि चार ट्रम्पेट

सोलापूरहून सकाळी सहाच्या एसटीत बसले तेव्हा मांडीवर व्हिओलाची पेटी होती, पायाशी शेंगाचटणीचा डबा होता आणि मन इतकं हरखलेलं होतं की तिकीट घेताना मी वाहकाला दोनदा थँक्यू म्हणाले. एकसष्टाव्या वर्षी कुणी आपल्याला वाजवायला बोलावतं, तेही दोन जिल्हे ओलांडून! बँकेत पस्तीस वर्षं काढली. तिथं मला कुणी प्रेमानं बोलावल्याचं आठवत नाही, बोलावलं ते एखादी सही राहिली म्हणून.

व्हिओला म्हणजे व्हायोलिनची थोरली, जाड आवाजाची बहीण. लहानपणी गल्लीतल्या मास्तरांकडे शिकायला गेले तेव्हा त्यांच्याकडची व्हायोलिनं इतर मुलींनी पटकावली होती. ही एकटी कोपऱ्यात उरली होती, ती माझ्या पदरात पडली. तेव्हापासून लोकांना ती काय आहे हे सांगण्यात माझा अर्धा जन्म गेला. करमाळ्याला शेजारी एक बाई बसल्या. पेटीकडे बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं, "शिलाई मशीन का हो?"

"हो," मी म्हणाले. नगरपर्यंत आम्ही ब्लाउजच्या मापांवर बोललो. त्यांच्याकडच्या दोन युक्त्या मी वहीत उतरवूनही घेतल्या.

बोलावणं आलं होतं वंदना अहिरे हिचं. वय बेचाळीस, दिवसा शाळेत संगीत शिक्षिका, आणि उरलेल्या वेळात नाशिक जिल्ह्यातल्या एका सिम्फनी वाद्यवृंदाची संचालक. म्हणजे समोर चाळीस-बेचाळीस वादक, आणि ही हातात छडी घेऊन त्यांना सांभाळणारी. मास्तरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून माझा नंबर मिळवून फोनवर म्हणाली होती, "काकू, आमच्याकडे दोनच व्हिओला आहेत. त्यातली एक बाळंतपणाला माहेरी गेलीय. तुम्ही याल?" मी येते म्हणाले, फोन ठेवला आणि मग कार्यक्रम कधी आहे ते विचारायला पुन्हा फोन केला.

"अमावास्येला," ती म्हणाली.

मला वाटलं, पोरगी थट्टा करतेय.

नगर, संगमनेर, सिन्नर करत द्वारका चौकात उतरले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं आणि हवेत छान गारवा होता. माघ संपत आलेला. वंदना न्यायला आली होती. ठेंगणी, ठसठशीत, केसांची घट्ट वेणी. तिच्या जुन्या व्हॅनचं मागचं दार सुतळीनं बांधलेलं. मला म्हणाली, "काकू, वळणावर दार धरून बसा हं." पहिल्याच वळणाला मी व्हिओला धरू की दार धरू असं झालं. मी व्हिओला धरली आणि दार उघडलं. आतली संगीताचे कागद ठेवायची सहा घडीची स्टँडं रस्त्यावर सांडली. रिक्षावाल्यांनी ती गोळा करून दिली, वर एकानं विचारलं, "ताई, उद्याचं आहे ना? आम्ही येतोय."

अमावास्येचं कोडं तिनं घरी जेवताना उलगडलं. ताटात बाजरीची भाकरी, झणझणीत शेवभाजी आणि वर माझी शेंगाचटणी होती.

"आमच्यातले व्हायोलिनवाले डॉक्टर, शिक्षक, नोकरदार आहेत. ते रविवारीही येतील. पण पितळी वाद्यं वाजवणार कोण? ते लोक मिळतात लग्नाच्या बँडमध्ये. त्यांना रिकामा दिवस कुठला? लग्नं नसतात तो. म्हणून आमची तालीम अमावास्येला, कार्यक्रमही अमावास्येला. अकरा वर्षं झाली, आमचं सगळं पंचांगावर चालतं."

तिचे चार ट्रम्पेटवाले बागलाणातल्या नामपूरचे होते. तिच्या वडिलांच्याच बँडमधले. तिचे वडील दामूमास्तर म्हणजे त्या भागातलं मोठं नाव, साठ वर्षं ट्रम्पेट ओठाला. वंदना त्यांच्या ट्रम्पेटवरच सा रे ग म शिकली. पण लग्नात मुलीला कोण वाजवायला नेणार? ती देवळालीतल्या एका निवृत्त फौजी बँडवाल्याकडे गेली, त्यांच्याकडून कागदावरचं संगीत वाचायला शिकली. मग पाच उन्हाळे मुंबईत एका परदेशी बाईंच्या वर्गाला जाऊन संचालन शिकली. शाळेतली पोरं, दवाखान्यातले डॉक्टर, असं एकेक माणूस जोडत हा संसार उभा केला.

"बाबांना अभिमान असेल," मी म्हणाले.

वंदनानं भाकरीचा तुकडा शेवभाजीत बराच वेळ बुडवून ठेवला. "बाबा एकदाही आले नाहीत, काकू. पहिल्या कार्यक्रमाला बोलवायला गेले तर म्हणाले, 'हातमा वाजा नई, तो कसाना मास्तर?' (हातात वाद्य नाही, तो कसला मास्तर?) आणि वर, 'लोकांकडे पाठ करून उभी राहतेस म्हणे. मी मनी अंडेरनी पाठ दखाले इतला दूर येऊ?' (माझ्या लेकीची पाठ बघायला इतक्या लांब येऊ?)" ती हसली, पण डोळे काही हसले नाहीत. "दर वेळी पहिल्या रांगेत डावीकडची खुर्ची मी त्यांच्यासाठी ठेवते. कागदावर 'बाबा' लिहून चिकटवते. बेचाळीस माणसं माझ्या हाताकडे बघून वाजवतात, पण त्या एका माणसानं मास्तर म्हणावं म्हणून मी अकरा वर्षं थांबलेय."

मला फार वाईट वाटलं. मी तिला आणखी एक भाकरी वाढली. तेवढंच माझ्या हातात होतं.

दुसऱ्या दिवशी अकराला शेवटची तालीम. शहरातलं ते सभागृह पाहून मी खूशच झाले. रंगमंचावर टिंपनी म्हणजे तांब्याचे मोठाले नगारे मांडलेले. ते वाजवणारा लासलगावचा सुरेश दिवसा ट्रॅक्टरच्या टायरांचं दुकान चालवतो. टायरवर टिचकी मारून हवा किती आहे ते सांगतो, तशीच टिचकी नगाऱ्यावर मारून तो सूर लावत होता. माझ्या शेजारी व्हिओलावर एक दाताचे डॉक्टर होते, मोठे गमत्या स्वभावाचे. "कुलकर्णीकाकू, आपण चुकलो तरी चालतं, ऐकू कुणाला येतं?" म्हणाले. चाळीस जणांत बसून पहिला सूर काढला आणि माझ्या अंगावर काटा आला. आयुष्यभर मी एकटीनं वाजवलं होतं, भिंतीकडे तोंड करून. इथं चारी बाजूंनी आवाज अंगावर येत होता. मला मोठ्यानं हसू फुटलं आणि माझा एक सूर साफ गेला.

सिम्फनी म्हणजे चार भागांची एकच लांबलचक रचना; तिचा तिसरा भाग झाला. चौथा सुरू होतो तोच ट्रम्पेटनं. वंदनानं हात उचलला, मागं पाहिलं आणि हात तसाच राहिला. चारही खुर्च्या रिकाम्या होत्या. नामपूरची मंडळी थोडी उशिरा येतात हे तिला ठाऊक होतं, पण आता दोन वाजले होते.

रवी म्हणजे पहिला ट्रम्पेट. त्याचा फोन लागेना. अडीचच्या सुमारास त्याचाच आला. मागे ढोलाचा दणदणाट. वंदनानं फोन स्पीकरवर टाकला आणि आम्ही सगळे भोवती गोळा झालो.

"ताई, माफ करा. मास्तरांनी आजची सुपारी घेतली. आम्ही पिंपळगावला हाय. लय सांगितलं त्यांना, पण आम्ही त्यांच्यापुढं काय बोलणार?"

"अमावास्येला सुपारी? अमावास्येला लग्न कोण लावतंय?"

"नवरदेव-नवरी म्हणतात, आम्ही मुहूर्त मानत नाय. हॉल रिकामा मिळाला म्हणून आजच."

मग फोन दामूमास्तरांनी घेतला. आवाज भारदस्त, अगदी निर्धास्त. "काय वं, काय झालं? साठ वर्षांत अमावास्येची पहिली सुपारी आली, नाही म्हणू? आणि मी रवीला विचारलंय सगळं. पाऊण तासात हे चौघं मिळून दहा मिनिटं वाजवतात. बाकी वेळ नुसते बसतात, बोटं मोजत. बसायला काय, कोणी पण बसव!"

फोन बंद. दाताचे डॉक्टर फिस्सकन हसले, आणि त्यांना हसू आलं म्हणून सगळ्यांनाच आलं. वंदना मात्र पांढरीफटक. बँडवाल्याला गप्प बसणं हे कामच वाटत नाही, हे तिला ठाऊक होतं. पहिल्या वर्षी रवीनंच विचारलं होतं, "ताई, एक ते चार ऐंशी वेळा मोजत नुसतं बसायचं? मग लोक म्हणतील की हे फुकट आलेत." पण या चौघांशिवाय चौथा भाग सुरूच होत नाही. साडेसहाला प्रेक्षक येणार होते.

तिनं व्हॅनची किल्ली उचलली. "काकू, तुम्ही चला. बाबा तुमच्या वयाच्या बाईसमोर आवाज चढवत नाहीत."

मी व्हिओलासकट निघाले. अनोळखी गावात मी ती कुणाकडे ठेवत नाही.

मुंबई–आग्रा महामार्गावरून तो प्रवास मी एका हातानं दार धरून केला. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, पॅकहाऊसच्या दारात क्रेटनी भरलेले टेंपो. वंदना सगळ्यांना मागे टाकत चालली होती आणि मला चौथ्या भागाची गोष्ट सांगत होती. बोलता बोलता स्टिअरिंगवरचे दोन्ही हात वर उचलायची. "आणि इथं ट्रम्पेट येतात!" "बाई, हात खाली!" मी ओरडायची. पिंपळगाव बसवंत येईपर्यंत माझी साऱ्या देवांची नावं घेऊन झाली होती आणि मजा इतकी येत होती की लाज वाटावी.

मिरवणूक लांबूनच ऐकू आली. नवरदेव सजवलेल्या ट्रॅक्टरवर, डोक्याला फेटा. त्याच्यापुढे लाल गणवेशातला बँड, आणि बँडपुढे पंचवीस-तीस मित्र धुंद होऊन नाचणारे. लग्नाचा हॉल दिसत होता, तीनशे पावलांवर. पण मिरवणूक जागची हलत नव्हती. एक वाजता निघाली होती, आता सव्वातीन झाले होते.

मी ट्रॅक्टरजवळ जाऊन नवरदेवाला विचारलं, "अरे बाळा, लग्न किती वाजता आहे?"

"काही वेळ नाही ठरवली, काकू." तो केविलवाणा झाला होता. "मुहूर्तच नाही ना. नेहमी भटजी ओरडतात, मुहूर्त टळतोय म्हणून, मग लोक पुढं सरकतात. आज ओरडणारं कुणी नाही. मला तर सकाळपासून भूक लागलीय."

इकडे वंदना वडिलांपुढे उभी होती. दामूमास्तर उंच, पांढऱ्या मिशांचे, टोपीला तुरा. दोन गाण्यांच्या मधे त्यांनी ट्रम्पेट खाली घेतला.

"बाबा, चौघांना सोडा. माझा कार्यक्रम आहे."

"सोडू कसा? नवरदेव मांडवाच्या दारात पोचल्याशिवाय वाजा सोडायचा नाय. हे तुला मीच शिकवलंय ना?"

मी मधे पडले. "दामूमास्तर, मी सोलापूरहून आलेय."

"बसा ना ताई. पाणी देऊ?" ते खरोखरच आवाज न चढवता म्हणाले. "पण नेम तो नेम."

 वंदनाला वाद घालता येईना, कारण नेम तिलाही मान्य होता. तिनं हॉलकडे पाहिलं, नाचणाऱ्यांकडे पाहिलं, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाली, "ठीक. दारात पोचवते मी नवरदेवाला."

रस्त्याकडेला एका बागेच्या कुंपणाशी छाटलेल्या द्राक्षवेलींच्या काड्यांचा ढीग होता, जळणासाठी ठेवलेला. तिनं त्यातली एक सरळशी काडी ओढली, पानं झटकली आणि जाऊन बँडपुढे उभी राहिली, बँडकडे तोंड करून. रवीनं तिला पाहिलं आणि सवयीनं त्याचा ट्रम्पेट वर आला. चौघांचे आले. बाकीच्यांनी दामूमास्तरांकडे पाहिलं. दामूमास्तरांनी खांदे उडवले.

काडी खाली आली. गाणं सुरू झालं.

आता यातली मेख सांगते. गाणं संपलं की मिरवणूक थांबते. मग कुणीतरी ओरडतं, "मास्तर, ते नाही, ते दुसरं!", फर्माईश होते, पुन्हा तिथंच नाच. म्हणून वंदनानं गाणं संपूच दिलं नाही. शेवटची ओळ आली की तिची काडी पुढच्या गाण्याकडे वळायची, रवी तिचा चेहरा बघून ते उचलायचा आणि बँड त्याच्या मागे. एकामागून एक, मधे श्वासाएवढीही फट नाही. आणि ती स्वतः पाऊल पाऊल मागे सरत होती. तिच्यावर नजर लावलेला बँड तिच्यामागे ओढला जात होता.

अडचण एकच. मागे चालताना तिला मागचं दिसत नव्हतं, आणि मागे नाचणारे होते.

मग काय, मी शिरले मधे! एक हात तिच्या पाठीवर ठेवला, दुसऱ्या हातात व्हिओलाची पेटी आडवी धरली आणि गर्दी कापत निघाले. "सरका, सरका, अरे बाबा, पुढं सरक! डावीकडे ये वंदना, खड्डा आहे. उजवीकडे, शेण आहे! आता स्पीडब्रेकर, पाय उचल!" ती मला न बघता बरोबर उचलायची. एक दांडगा मित्र हटेना. दोन्ही हात वर करून जागच्या जागी उड्या मारत होता. मी त्याला पेटीनं हळूच ढोसलं. "काकू, यात काय आहे?" तो ओरडला. "शिलाई मशीन!" मी ओरडले. तो दचकून बाजूला झाला.

शंभर पावलांवर पुन्हा गर्दी तुंबली. तेव्हा वंदनानं जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. तिनं डावा हात तळवा खाली करून अलगद दाबला. बँड हळू झाला. आणखी दाबला. आणखी हळू. भर महामार्गाकडेच्या रस्त्यावर, लग्नाच्या मिरवणुकीत, वीस माणसांचा बँड कुजबुजल्यासारखा वाजायला लागला! नाचणारे भांबावून थांबले. हात वर, पाय वर, आणि आवाज गेला कुठं म्हणून सगळे बघायला लागले. आणि नाच थांबला की माणसं काय करतात? चालायला लागतात. चालत राहिली बिचारी. दोनशे पावलं नुसती चालत गेली, देवळात जातात तशी. हॉलच्या कमानीपाशी येताच तिनं काडी उसळवली आणि बँड असा काही गर्जला की हॉलमधल्या पाहुण्या बायका ताटं ठेवून बाहेर धावल्या. नवरदेव ट्रॅक्टरवरून उडी मारून दारात उभाच राहिला. चार वाजून पाच मिनिटं!

दामूमास्तरांनी ट्रम्पेट खाली घेतला. रुमालानं मिशा पुसल्या, तिच्या हातातल्या काडीकडे पाहिलं. "साठ वर्षांत माझा बँड हळू वाजला नव्हता," एवढंच म्हणाले. ते कौतुक होतं की तक्रार, मला कळलं नाही. आणि वंदनाला त्यांना विचारायचा धीर झाला नाही.

नवरीची आई मात्र आम्हाला सोडेना. "जेवल्याबिगर जायचं नाय!" वेळ नव्हता, तर तिनं खापरावरच्या पुरणपोळ्या (मातीच्या मोठ्या खापरावर भाजलेल्या, रुमालासारख्या पातळ) घडी करून आमच्या व्हॅनमध्ये टाकल्या. निघणार तोच तिसरा ट्रम्पेट, बबन, ओठ धरून आला. तीन तास वाजवून त्याचा ओठ सुजून टम्म झाला होता. फुंकर मारली तर नुसती हवा.

वंदनानं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. तीन ट्रम्पेट. शेवटच्या पानावर चार सूर आहेत, एकेकाचा एकेक.

"शेवटी काय वाजवायचंय?" खिडकीशी दामूमास्तर उभे होते.

"एकच सूर, बाबा. लांब. पण त्याआधी मोजत बसावं लागतं."

"मग बसतो," ते म्हणाले आणि मागचं सुतळीचं दार उघडून पुरणपोळ्यांवर बसले.

नाशिकपर्यंत रवी त्यांना शिकवत होता आणि ते ऐकून आम्ही पुढे तोंड दाबून हसत होतो.

"मास्तर, एक ते चार, असं ऐंशी वेळा. मधे वाजवायचं नाय."

"थोडं पण नाय?"

"थोडं पण नाय."

"लोक बघत्यात आणि नुसतं बसायचं?"

"हो."

"लय अवघड हाय रे," दामूमास्तर म्हणाले.

महामार्गावर द्राक्षांच्या टेंपोंची कोंडी लागली, सहा वीसला कसेबसे पोचलो. साडी बदलायला वेळ नव्हता. माझ्या पदराला पिंपळगावचा गुलाल, वंदनाच्या वेणीत द्राक्षाचं वाळकं पान. तिची नेहमीची छडी गोंधळात कुठे गेली सापडेना, म्हणून ती तीच काडी घेऊन रंगमंचावर आली. सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेतली डावीकडची खुर्ची रिकामी, तिच्यावर कागद: 'बाबा'.

पहिले तीन भाग कसे गेले ते मला सांगता येणार नाही, मी वाजवत होते. चुकले असेन, ऐकू कुणाला आलं? चौथ्याच्या सुरुवातीला रवी आणि दोघं असे काही तुटून पडले की सुरेशनं नगाऱ्यामागून मान डोलावली. मग त्यांची विश्रांती सुरू झाली. मी तिरक्या नजरेनं मागे पाहिलं. लाल गणवेश, तुऱ्याची टोपी, मांडीवर ट्रम्पेट, आणि दामूमास्तर बोटांची पेरं मोजत बसलेले. अंगठा एकेका पेरावरून सरकत होता. कपाळावर घाम. पण त्यांची नजर बोटांवर नव्हती. ते वंदनाकडे बघत होते.

मीही बघितलं. तोपर्यंत मी कागदावरच्या खुणांतच अडकले होते. बाई गं, काय चेहरा होता तो! बासरीकडे वळली की भुवया उचलून लाडानं बोलावणारी, सुरेशकडे बघून डोळे मोठे करणारी, आम्हा व्हिओलांकडे येऊन "तुमचं ऐकू येतंय हं मला" म्हणून ओठांतल्या ओठांत हसणारी. सगळं गाणं त्या चेहऱ्यावर आधी येत होतं आणि मग आमच्या हातात. प्रेक्षकांना यातलं काही दिसत नव्हतं.

कुठेतरी साठाव्या पेराला दामूमास्तरांना राहवलं नाही. ट्रम्पेट वर यायला लागला. वंदनानं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ट्रम्पेट खाली गेला. साठ वर्षं मास्तरकी केलेला माणूस शहाण्या मुलासारखा पुन्हा पेरं मोजायला लागला. मला हसूही आलं आणि रडूही, आणि माझी गजाची हालचाल जरा वाकडी झाली.

मग शेवटचं पान. तिनं काडी उचलली, चौघांकडे वळली, श्वास घेतला. दामूमास्तरांनी तिच्याबरोबरच श्वास घेतला. चार सूर उभे राहिले. चौथा सगळ्यांत जुना, जरासा थरथरता आणि इतका लांब की बाकीचे तीन संपले तरी तो होता. वंदनानं त्याला थांबवलं नाही. तो आपणहून थांबेपर्यंत काडी वर धरून ठेवली.

टाळ्यांनी छत हललं. ती प्रेक्षकांकडे वळली, वाकली आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून खदखदून हसली.

पडदा पडल्यावर आम्ही स्टँडं आवरत होतो. दामूमास्तर टोपी काखेत घेऊन तिच्यासमोर येऊन उभे राहिले. टोपीचा तुरा बोटानं सरळ केला. मग म्हणाले, "अकरा वर्षं म्हणत होतो, पाठ काय बघायची." त्यांनी तिच्या वेणीतलं वाळकं पान काढलं. "तोंड तं आमनाकडे व्हतं वं तुनं." (तोंड तर आमच्याकडे होतं गं तुझं.)

वंदनानं त्यांच्या छातीवर डोकं ठेवलं. गणवेशावरचे बिल्ले तिच्या गालाला रुतले असतील, पण ती हलली नाही. मग आम्ही सगळ्यांनी मिळून दबलेल्या पुरणपोळ्या खाल्ल्या. वर माझी शेंगाचटणी. दाताचे डॉक्टर म्हणाले, हे गोडतिखट भलतंच लागतं, आणि चार खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं मला सोडायला बसस्टँडवर आली. दामूमास्तर मुलीकडेच राहिले होते. त्यांनी माझ्या हातात द्राक्षांची पेटी ठेवली, "सोलापूरला वाटा" म्हणाले, आणि खिशातून सुपाऱ्यांची डायरी काढली. जाडजूड, रबर लावलेली. दर महिन्याच्या अमावास्येवर काळ्या शाईचा ठिपका होता, चुकून त्या दिवशी काही लिहू नये म्हणून.

"ताई, अक्षर तुमचं चांगलं असेल. बँकेतल्या ना? लिहा."

मी बसच्या पायरीवर बसले आणि लिहायला लागले. ते बोलत होते, एकेका ठिपक्यापुढे तेच, वर्षाच्या शेवटपर्यंत. वाहक घंटी मारत होता, मी त्याला थांब म्हणाले. वंदना शेजारी उभी होती. पहिली ओळ वाचून तिनं तोंडावर हात ठेवला तो काढलाच नाही.

मी लिहिलं होतं: "गाव नाशिक. ट्रम्पेट पाच. काम: बसणे. मास्तर: वंदना."